जानेवारीत कोकणातली गाडी बर्फात नेतोय, दारं गोठून चिकटू नयेत म्हणून इथूनच काय तयारी करावी?

आरेवारे, रत्नागिरी
नमस्कार मंडळी. जानेवारीत घरच्याच गाडीने मनालीला जायचं नक्की झालंय, तिथून अटल टनेलमधून सिस्सू, आणि रस्ता चालू असेल तर परत खाली उतरून शिमला-किन्नौर मार्गे काझा. बरोबर आई आहे, सत्तरीला आलेली, आणि मुलगी पाचवीतली. रस्ते, मुक्काम, गरम कपडे सगळ्याची चौकशी करून झाली, पण परवा मेव्हण्याशी फोनवर बोलत होतो (सैन्यात आहे, आधी लडाखला होता) तर तो म्हणाला की ते सगळं ठीक आहे पण सकाळी गाडीचं दार उघडेल का ते बघ आधी. रात्री रबर आणि बॉडीच्या मधे बर्फ धरतो आणि दार गच्च बसतं, लोक हँडल ओढतात आणि हँडल हातात येतं नाहीतर रबर फाटून निघते.

आपल्याकडे दार म्हटलं की गंज आणि पावसाचं पाणी, गोठणं हा प्रकार डोक्यातच येत नाही. गाडी डिझेल, २०१७ ची, बारा महिने उघड्यावर, समुद्र अगदी हाकेच्या अंतरावर. दारांच्या रबरा कडक झाल्यात, मागच्या डाव्या दाराची खालच्या कोपऱ्यात चिरलीय. इतक्या थंडीत आईला गाडीबाहेर ताटकळत ठेवायचं नाहीये म्हणून तिथे जाऊन धावपळ करण्यापेक्षा इथूनच सगळं करून निघायचं आहे. ज्यांनी बर्फात गाडी उभी केलीय त्यांनी सविस्तर लिहा प्लीज.

खाडीकाठ, दाभोळ
पहिली गोष्ट समजून घ्या, म्हणजे बाकीचं आपोआप सुचेल. नुसत्या थंडीने दार चिकटत नाही, पाणी लागतं. रबर आणि दाराची चौकट पूर्ण कोरडी असेल तर उणे वीसमधे पण दार उघडतं. दिवसा गाडीवरचा बर्फ वितळतो, ते पाणी ओघळून रबरेच्या खाचेत जातं, संध्याकाळी पारा शून्याखाली गेला की तिथेच गोठतं. त्यात आपण हीटर लावून बसलेलो, चारपाच माणसांचे श्वास, बुटाला लागलेला बर्फ मॅटवर वितळलेला, ही सगळी वाफ गाडी बंद केल्यावर थंड काचेवर आणि रबरेवर येऊन बसते. म्हणजे पाणी बाहेरून पण येतं आणि आतून पण.

सुरंगी, वेंगुर्ला
खोबरेल तेल लाव असा कोणी सांगितल्यान तर ऐकू नको हां दादा. आमच्या हंय बिजागरी करकरली लाव खोबरेल, कुलूप अडाकला लाव खोबरेल, सगळ्याक ताच औषध. पण ह्या तेल २४ डिग्रीच्या आसपासच थिजाक लागता, डिसेंबरात सकाळी वेंगुर्ल्यात पण बाटली उन्हात ठेवची लागता मगे तेल पडता. मनालीत रबरेवर लावलास तर गच्च बसतला आणि दार सुटाच्या ऐवजी अजून चिकटतला.

आरेवारे, रत्नागिरी
सुरंगीताई बरं झालं सांगितलंत, आईने खरंच तेच सुचवलं होतं.

बर्फखाना, रत्नागिरी
मी मासे एक्स्पोर्ट करणाऱ्या प्लांटमधे कोल्ड स्टोरेजला आहे त्यामुळे गोठलेलं दार हा माझा रोजचा विषय आहे, फक्त ते गाडीचं नाही. जरा मोठं लिहितो.

आमच्याकडे फ्रोझन माल उणे १८ किंवा त्याच्या खाली ठेवावा लागतो आणि ब्लास्ट फ्रीझर तर उणे ४० पर्यंत जातो. त्या खोल्यांच्या दाराला चारी बाजूने जाड रबरी गॅस्केट असते, तुमच्या गाडीच्या दाराला असते तशीच, फक्त मोठी. आणि त्या गॅस्केटच्या मागे चौकटीत एक हीटर वायर फिरवलेली असते, हाताला कोमट लागेल इतकीच गरम. ती कशासाठी, तर दार गोठून बसू नये म्हणून. ही वायर जळाली किंवा तिचा फ्यूज गेला की काही तासात दार गच्च. मग आम्ही काय करतो? ओढत नाही. पहिला नियम हाच, कारण ओढलं की गॅस्केट बर्फाबरोबर सोलून निघते आणि मग दार परत कधी नीट बसत नाही. रबरी हातोडीने दाराच्या कडेकडेने हलक्या हाताने ठोकत जायचं, आतला बर्फाचा थर तडकतो, त्याचा बारीक कडकड आवाज येतो आणि मग दार आपसूक सुटतं. गाडीला अर्थात हातोडी लावायची नाही, तळहाताने किंवा कुल्ह्याने दाराच्या कडांवर आतल्या बाजूला दाबायचं, एका जागी जोरात नाही, सगळ्या कडेने थोडं थोडं.

दुसरं म्हणजे आमचा सगळ्यात वाईट काळ जानेवारी नाही, जुलै आहे. खोली तेवढीच थंड असते पण बाहेरची हवा पाण्याने भरलेली असते, दार उघडलं की ती आत घुसते आणि गॅस्केटवर पांढरा भुरभुरीत थर बसतो. म्हणून शिफ्टच्या शेवटी गॅस्केट कोरड्या फडक्याने पुसायची हे आमच्याकडे ठरलेलं काम आहे, कितीही घाई असो. पुसलेलं दार सकाळी उघडतं. तुम्ही पण मुक्कामाला पोचलात की सगळं सामान काढून झाल्यावर शेवटचं काम म्हणून चारी दारं आणि डिकी उघडून रबर आणि समोरची चौकट दोन्ही पुसा. दोन्ही म्हणतोय, लोक फक्त रबर पुसतात आणि चौकटीवर थेंब तसेच राहतात.

आणि यावरून माझा अंदाज सांगतो, काझापेक्षा तुम्हाला त्रास मनाली-सिस्सूला जास्त होईल. काझाला थंडी भयंकर पण हवा कोरडी. मनालीत दिवसा शून्याच्या वर जाऊन सगळं वितळतं आणि रात्री परत गोठतं, दार चिकटायला हे सगळ्यात सोयीचं.

झेलमकाठ, मूळ चिपळूण, सध्या श्रीनगर
बर्फखाना यांनी अगदी बरोबर ओळखलंय. मी इथे नोकरीनिमित्त आहे. इथे २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, म्हणजे कडाक्याच्या थंडीचा काळ. रात्री उणे चार, उणे पाच तर नेहमीचं, जानेवारी २०२१ च्या शेवटी उणे ८.८ झालं होतं. पण दारं चिकटायचा त्रास कोरड्या कडक रात्रीपेक्षा ओला बर्फ पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी जास्त होतो हा माझाही अनुभव.

इथे लोक काय करतात ते सांगतो. गाडी उभी करताना हँडब्रेक ओढत नाहीत, गिअरमधे ठेवतात आणि चाकाला दगड किंवा लाकूड लावतात, कारण ओला हँडब्रेक पण गोठून बसतो. वायपर काचेवरून उचलून ठेवतात. साइड मिरर आपोआप दुमडणारे असतील तर ते सेटिंग बंद, गोठलेला मिरर मोटरने ओढला की आतले प्लास्टिकचे दाते जातात. शक्य असेल तर गाडीचं तोंड किंवा निदान ड्रायव्हरची बाजू पूर्वेला करून लावतात, सकाळचं पहिलं ऊन त्या दारावर पडतं. आणि पोचायच्या शेवटच्या पाच-दहा मिनिटांत हीटर बंद करून काचा थोड्या खाली करतात, आतली दमट गरम हवा निघून जाते. पोचल्यावर थोडा वेळ दारं उघडी ठेवली तरी तेच होतं, गाडी आतून बाहेरून सारखी थंड झाली की मग बाष्प धरायला काही उरत नाही. आईंना आधी खोलीत नेऊन बसवा आणि मग हे करा.

ओले बूट, ओल्या टोप्या, हातमोजे रात्री गाडीत ठेवू नका. रबरी मॅट काढून झटकून घ्या. लहान मुलं बर्फात खेळून येतात ना, त्यांच्या पँटला लागलेला बर्फच सीटवर वितळून पाणी होतं.

आरेवारे, रत्नागिरी
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नीट कोणी सांगितलं नव्हतं. आता रबरेला लावायचं काय हा प्रश्न. गॅरेजमधे एकजण म्हणाला डब्ल्यूडी-४० मार, दुसरा म्हणाला ग्रीस लाव, मेडिकलवाला म्हणतो व्हॅसलीन. रत्नागिरीत मिळेल असं काहीतरी सांगा.

पाना_पक्कड, लांजा
गॅरेज चालवतो, म्हणून लिहितो. तिन्ही नको.

गाडीच्या दाराची रबर बहुतेक ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबरेची असते. ही रबर ऊन, पाऊस, खारी हवा चांगली सोसते, पण पेट्रोलियमपासून बनलेलं तेल तिला चालत नाही. ग्रीस, पेट्रोलियम जेली, इंजिन ऑइल यातलं काही लावलं की लावल्या लावल्या छान मऊ चकचकीत दिसते, आणि काही काळाने फुगते, ढिली पडते, आकार सोडते. डब्ल्यूडी-४० हे मुळात पाणी हटवण्यासाठी काढलेलं, नावातच वॉटर डिस्प्लेसमेंट आहे, गंजलेल्या बोल्टला उत्तम, पण रबरेवर रोज वापरायची ती वस्तू नाही आणि फार टिकत पण नाही. तुम्ही सिलिकॉन स्प्रे घ्या. ऑटो पार्टच्या दुकानात मिळतो, कॅनवर रबर आणि प्लास्टिकसाठी चालतो असं लिहिलेलं बघा आणि पेट्रोलियम नसलेला मागा. ऑनलाइन पण आहे.

लावायची पद्धत महत्त्वाची. आधी रबर धुवायची, बादलीत कोमट पाणी आणि थोडा गाडीचा शॅम्पू, फडकं पिळून बोटावर गुंडाळून रबरेच्या ओठाच्या आतपर्यंत फिरवायचं. कोकणातल्या गाडीचं फडकं पहिल्या फेरीत लाल होतंच, ती माती निघाल्याशिवाय वर काहीही लावलं तरी मातीलाच लागतं. आंब्याखाली गाडी लावत असाल तर जास्त घासा, मोहोराच्या दिवसात तुडतुड्यांचा चिकटा पडतो तो रबरेवर बसलेला असतो आणि तो थंडी नसताना पण दार चिकटवतो. पूर्ण वाळू द्या. मग स्प्रे फडक्यावर मारायचा, थेट दारावर नाही, नाहीतर उडून काचेवर जातो आणि रात्री समोरच्या लाइटने काच फकफकते, किंवा ब्रेक डिस्कवर जातो ते तर फारच वाईट. फडक्याने पातळ थर, चारी दारं, डिकी, आणि समोरच्या चौकटीचा पत्रा जिथे रबर टेकते तिथेही. रात्रभर ठेवा. निघायच्या आदल्या आठवड्यात एकदा करा आणि कॅन बरोबर घ्या, मनालीला पोचल्यावर परत एक हात मारा कारण वाटेत दोन हजारांवर किलोमीटरची धूळ आणि धुलाई होणार.

चिरलेली रबर मात्र बदलाच. चीर म्हणजे पाण्याला वाट, तिथून शिरलेलं पाणी आतल्या पोकळीत साठतं आणि ती पोकळी आतून गोठते. तिला वरून स्प्रेने काही होत नाही.

बाकीच्या तीन दारांसाठी एक सोपी टेस्ट. पेपरची बोटभर रुंद पट्टी घ्या, दारात धरून दार लावा, मग ओढा. थोडी अडकत आली तर रबर दाबून बसतेय. सरळ सुटून आली तर तिथे फट आहे. दाराच्या सगळ्या बाजूंनी करून बघा, वरचा मागचा कोपरा बहुतेक गाड्यांमधे आधी ढिला पडतो.

आणि एक जे कोणीच सांगत नाही. दाराच्या खालच्या कडेला, उघडून खाली वाकून बघितलं की लहान लांबट भोकं दिसतात. काचेच्या बाजूने पावसाचं पाणी दारात शिरतंच, ते खाली निघून जायला ही भोकं असतात. आपल्याकडे ती लाल मातीने, सुरूच्या काड्यांनी नाहीतर कुंभारमाशीच्या मातीच्या घरट्याने बुजलेली असतात. दार जोरात उघडबंद केल्यावर आत पाणी खळखळलं तर समजायचं. इथे त्याने पत्रा गंजतो, तिथे तेच पाणी दाराच्या आत तळाला बर्फ होऊन बसेल आणि काचेची यंत्रणा पण त्यात अडकेल.

खाडीकाठ, दाभोळ
भोकांचा मुद्दा खरंच महत्त्वाचा. गणपतीला मुंबईहून येऊन नंतर गावातच राहिलेल्या गाड्या बघा, दाराचा खालचा काठ हमखास फुगलेला असतो.

दापोली_सकाळ, दापोली
हे सगळं फक्त हिमालयासाठीच का? आमच्याकडे थंडीच्या लाटेत पारा दहाच्या खाली येतो कधीकधी, पण दार चिकटल्याचं ऐकलं नाही.

बर्फखाना, रत्नागिरी
ताई, हवा दहा डिग्री असेपर्यंत काही होत नाही, पृष्ठभाग शून्याला यायला लागतो. पण महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या बाजूला कडक थंडीत दवबिंदू गोठतात, गाड्यांच्या टपावर पांढरा थर दिसतो, ते होतं. हवेचा पारा शून्याच्या वर असतो तरी रात्री उघड्या आकाशाखाली पत्रा हवेपेक्षा जास्त थंड होतो म्हणून. दापोलीहून पोलादपूर, आंबेनळी घाटाने वर जाऊन मुक्काम केला आणि गाडी ओली ठेवली तर पहाटे दार किंचित धरलेलं मिळू शकतं. आरेवारे, तुम्हाला तयारी करून बघायची असेल तर निघण्याआधी एक रात्र तिकडे काढून बघा, पेपरपट्टीपेक्षा चांगली परीक्षा.

लाटकर, अलिबाग
एक शंका. खाऱ्या पाण्याने बर्फ वितळतो ना? मग दाराला मिठाचं पाणी मारलं तर गोठणार नाही असं वाटतं. समुद्राकाठच्या गाडीला तो फायदा आपोआपच मिळत असेल.

पाना_पक्कड, लांजा
नको हो. समुद्राचं पाणी जेमतेम उणे १.८ ला गोठतं, म्हणजे मनालीच्या रात्रीपुढे त्याचा काही उपयोग नाही. मिठाने अगदी भरगच्च केलेलं पाणी उणे २१ पर्यंत तग धरतं खरं, पण ते दाराच्या सांध्यात गेलं की पत्रा संपला. आणि समुद्राकाठच्या गाडीला फायदा नाही, उलटा तोटा आहे. हवा साधारण ७५ टक्क्यांच्या वर दमट झाली की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून ओलं होतं. तुमच्या रबरेवर जे मीठ बसलंय त्यामुळे रबर कधी पूर्ण कोरडी होतच नाही. म्हणून तर आधी गोड्या पाण्याने धुवा म्हणतोय.

झेलमकाठ, मूळ चिपळूण, सध्या श्रीनगर
आता समजा सगळं करून पण दार धरलंच, तर सकाळी काय करायचं ते लिहितो.

गरम पाणी ओतायचं नाही. हॉटेलवाला किटली घेऊन येईल प्रेमाने, त्याला थांबवा. गार काचेवर उकळतं पाणी पडलं की काच तडकू शकते, आणि ते पाणी पाच मिनिटांत त्याच फटीत गोठून बसतं. आधी हाताने हँडल आणि कडांवरचा बर्फ झाडा, मग वर सांगितलंय तसं आतल्या बाजूला दाबा, मग हळू ओढा. नाही आलं तर दुसरं दार बघा, चारही दारं एकसारखी कधीच धरत नाहीत, उन्हाच्या बाजूचं किंवा भिंतीच्या बाजूचं सुटतं. काहीच नाही तर डिकी. एकदा आत शिरलात की इंजिन चालू करून हीटर पायाकडे आणि काचेकडे ठेवा, बाकीची दारं आतून खांद्याने हलकी ढकलली की येतात. पण चालू करायच्या आधी सायलेन्सरच्या तोंडाशी बर्फ साठलाय का ते बघाच, आणि असेल तर साफ करा. धूर कोंडून आत आला तर कार्बन मोनॉक्साइडने माणूस जातो, वास पण येत नाही. गाडीत आई आणि लहान मुलगी असताना हे विसरायचं नाही.

काचेचं बटण दाबू नका. काच पण रबरेत गोठलेली असते, मोटर जोर लावते आणि आतली केबल तुटते. काच आपोआप सुटेपर्यंत थांबा, म्हणजे गाडी आतून गरम होईपर्यंत.

एक स्प्रेची बाटली जवळ ठेवा, त्यात मेडिकलमधलं ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल दोन भाग आणि पाणी एक भाग. फटीवर मारलं की पातळ बर्फ सुटतो. पण ते पेट घेतं, त्यामुळे गाडीत उन्हात ठेवू नका, सिगरेट लायटर जवळ नको, आणि बाटली रात्री खोलीत घेऊन जा. गाडीत राहिली आणि गाडीच उघडली नाही तर तिचा उपयोग काय.

सुरंगी, वेंगुर्ला
ह्या शेवटचा वाक्य एकदम बरोबर. स्प्रे, फडकी, खरवडणी, सगळा खोलीत व्हया.

आरेवारे, रत्नागिरी
अपडेट. आज पेपरपट्टी लावून बघितली. पुढची दोन्ही दारं ठीक, मागच्या उजव्याला वरच्या कोपऱ्यात पट्टी सरळ बाहेर आली, आणि डाव्याची रबर फाटलेलीच आहे, दोन्ही नवीन ऑर्डर केल्या. भोकांचं लांजेकर म्हणाले तेच निघालं. ड्रायव्हरच्या दाराखाली झाडूचा हीर घातला तर आधी ओल्या मातीचा गोळा आला, मग तपकिरी पाण्याची धार लागली, तांब्याभर तरी असेल, पाऊस जाऊन इतके दिवस झालेत तरी. त्यात सुरूच्या काड्या आणि एक मेलेली गांधीलमाशी. सगळी भोकं मोकळी केलीत. सिलिकॉन स्प्रे मारुती मंदिरच्या बाजूला मिळाला. एक प्रश्न, नवीन रबरेला पण स्प्रे लागेल का? आणि मेडिकलवाला आता ग्लिसरीन घ्या म्हणतोय.

पाना_पक्कड, लांजा
नवीन रबरेला पण लावा. नवीन असली तरी पाणी धरतेच. फक्त बसवून एकदोन दिवस दार लावून ठेवा, तिला जागेवर बसू द्या आणि मग.

बर्फखाना, रत्नागिरी
ग्लिसरीन वाईट नाही. शुद्ध ग्लिसरीन नाही, पाण्यात मिसळलेलं. दोन भाग ग्लिसरीन एक भाग पाणी असं मिश्रण उणे ४६ च्या आसपासपर्यंत गोठत नाही, आणि रबरेला त्याने काही होत नाही. सिलिकॉन स्प्रे यायच्या आधी लोक तेच वापरायचे. पण चिकट असतं, धूळ धरतं, आणि स्वतः ओलावा ओढतं. म्हणून माझं मत असं की इथून निघताना सिलिकॉन, आणि ग्लिसरीनची छोटी बाटली फक्त वरच्या मुक्कामासाठी. महामार्गाच्या धुळीत ग्लिसरीन लावून हजारो किलोमीटर जाण्यात अर्थ नाही.

झेलमकाठ, मूळ चिपळूण, सध्या श्रीनगर
मी ग्लिसरीनच्या बाजूने नाही, मुलांचे कपडे चढताउतरताना त्याला पुसले जातात आणि दोन दिवसात संपतं. त्यापेक्षा बर्फ पडणार असं दिसलं तर प्लास्टिक. जाड पिशवी फाडून लांब पट्टा करायचा, दाराच्या चौकटीवर रबर टेकते त्या रेषेवर पसरायचा आणि त्यावर दार लावायचं. सकाळी प्लास्टिकला बर्फ धरेल, रबरेला नाही. आपण पावसाळ्यात पडवीला लावतो ना ते प्लास्टिक चांगलं जाड असतं, त्याचाच तुकडा घेऊन या. निदान ड्रायव्हरच्या एका दाराला तरी लावा, एक दार उघडलं की पुढचं सगळं जमतं. गाडीवर पूर्ण कव्हर मात्र नको, खाली ओल कोंडते आणि कव्हरच गाडीला चिकटतं.

लाटकर, अलिबाग
आणि किल्ली? आमची गाडी जुनी आहे, दारात किल्ली घालूनच उघडावी लागते.

पाना_पक्कड, लांजा
किल्लीच्या भोकात थोडी ग्राफाइट पावडर, तेल नाही. भोकात पाणी जाऊ नये म्हणून रात्री त्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावला तरी चालतो. गोठलंच तर किल्लीचं पातं हातात धरून गरम करा आणि परत परत घाला. लायटरने तापवतात लोक, पण किल्लीच्या प्लास्टिकच्या डोक्यात इमोबिलायझरची (गाडी चोरीला जाऊ नये म्हणून असते ती) चिप असेल तर ती जाईल आणि गाडी चालूच होणार नाही. रिमोट असेल तर तो अंगावर आतल्या खिशात ठेवा, गार झाला की सेल दमतो. नवा सेल घालूनच निघा आणि आपली साधी किल्ली, रिमोटच्या आत लपलेली असते ती, कशी काढायची हे घरीच बघून ठेवा.

आणि आरेवारे, दारावरून आठवलं म्हणून सांगतो, रेडिएटरमधे कूलंट आहे की साधं पाणी ते आधी तपासून घ्या. आपल्याकडे घाटात गाडी तापली की ज्याला जे मिळेल ते पाणी ओततात आणि मग तेच राहतं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं असेल तर उणे ३७ पर्यंत भीती नाही. साधं पाणी असेल तर एका रात्रीत गोठून फुगतं आणि इंजिनचा ब्लॉक फुटतो. दार नाही उघडलं तर तासाभराचा खोळंबा, हे झालं तर गाडी तिथेच ठेवून यावी लागेल. वॉशरच्या टाकीत पण साधं पाणी नको. डिझेलचं पण लक्षात ठेवा, खूप थंडीत त्यातलं मेण धरतं आणि फिल्टर बंद होतो, त्यासाठीच २०१९ मधे इंडियन ऑइलने लडाखसारख्या भागासाठी उणे ३३ पर्यंत वाहतं राहणारं डिझेल काढलं. काझाला जाणार असाल तर वरच्या पंपावर हिवाळ्याचं डिझेल आहे का विचारून भरा.

आरेवारे, रत्नागिरी
कूलंट उद्याच दाखवतो. खरंच धन्यवाद पाना_पक्कडदादा.

खाडीकाठ, दाभोळ
परत आल्यावरचं पण कोणीतरी लिहा, लोक तिथेच गाडी विसरतात.

पाना_पक्कड, लांजा
हो. वर रस्त्यावर घसरू नये म्हणून माती टाकतात, काही ठिकाणी मीठ पण असतं. ते सगळं दाराच्या खालच्या काठाला आणि चाकांच्या वर आतल्या बाजूला बसून येतं. खाली मैदानात उतरलात की पहिल्या चांगल्या वॉशिंग सेंटरला गाडी खालून धुवून घ्या, घरी येईपर्यंत थांबू नका. ग्लिसरीन लावलं असेल तर तेव्हाच साबणाने काढून टाका, आपल्या हवेत ते सतत ओलं राहील. दाराखालची भोकं परत एकदा हीर घालून बघा, बर्फातली वाळू तिथेच अडकते. आणि गाडी घरी आली की एक दिवस चारी दारं उघडी टाकून उन्हात उभी ठेवा, मॅट आणि मॅटखालचा फेल्ट उचलून, कारण तिथे मुरलेलं पाणी रत्नागिरीच्या हवेत आपलं आपण कधीच वाळत नाही आणि मग मे महिन्यापर्यंत फ्लोअरचा पत्रा सुटायला लागतो.